काळ्या गाडीवरचं जाळं आणि एम २०५: सहा महिने वापरून मग लिहितेय

काळी गाडी घेऊ नकोस असं सगळ्यांनी सांगितलं होतं, मी घेतली. सावलीत उभी असली की आरसा, आणि ऊन पडलं रे पडलं की बॉनेटवर कोळ्याने रात्रभर बसून जाळं विणलंय असं वाटायचं, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक चरे. पहिलं वर्ष मनाची समजूत घातली की काळ्या गाड्यांचं असंच असतं. मग एकदा रात्री पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांखाली गाडी उभी होती आणि जे दिसलं ते बघून माझं पेट्रोल भरण्यावर लक्षच राहिलं नाही. दादाला फोटो पाठवला तर तो म्हणाला, "अगं काळा रंग आहे, चरे दिसणारच, सोड." सोडलं असतं तर हा रिव्ह्यू आला नसता.

रिव्ह्यू मुख्यतः एका बाटलीचा आहे, मॅग्वायर्सचं एम २०५, म्हणजे त्यांचं अल्ट्रा फिनिशिंग पॉलिश. सोबत एक ड्युअल ॲक्शन पॉलिशर, म्हणजे पुढे लावलेली गादी (पॅड) फिरवून घासणारं विजेचं मशीन, लागतो, त्याचंही लिहिते, पण त्या मशीनच्या कंपनीचं नाव घेत नाही कारण त्याच्याबद्दल तक्रारी आहेत आणि तसंही १५ एमएम थ्रोचं (थ्रो म्हणजे काय ते पुढे सांगते) कुठलंही बरं मशीन चालेल.

आधी हे सांगते की हे चरे म्हणजे नेमकं काय, कारण मला हे कळलं तेव्हा अर्ध्या जाहिरातींचं बिंग फुटलं. गाडीच्या रंगावर वरून एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, बहुतेक गाड्यांवर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चरे या थरात असतात, काळ्या रंगात नाही. आणि ते गोल नसतातच! आडवे उभे तिरके कसेही असतात, पण दिव्याच्या दिशेला जे आडवे पडतात तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्याकडे फेकतात, म्हणून दिव्याभोवती कडी केल्यासारखी दिसतात. टॉर्च हलवून बघा, गोल पण टॉर्चबरोबर सरकतो. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही तेवढेच चरे असतात, फक्त तिथे चमकणारी रेघ उजळ रंगात लपून जाते आणि काळ्यावर ती पाटीवर खडूने ओढल्यासारखी दिसते.

आता चरा घालवायचा म्हणजे काय करायचं? चरा म्हणजे खड्डा, खड्डा काही पुसला जात नाही. एकतर तो भरून लपवायचा, नाहीतर आजूबाजूचा थर घासून खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. तिसरा मार्ग नाही. बाजारातल्या बऱ्याच 'हाताने लावा, चरे गायब' वाल्या क्रीम पहिल्या प्रकारातल्या असतात, त्यात तेल आणि फिलर असतो, तो चऱ्यात बसतो, गाडी मस्त दिसते, आणि दोन-चार धुण्यात सगळं वाहून जातं. मी अशीच एक आणली होती, नाव नको, लावल्यावर मी एवढी खूष झाले होते की सोसायटीत चार जणांना गाडी दाखवली. तीन आठवड्यांनी जाळं जसंच्या तसं परत. क्रीम वाईट होती असंही नाही म्हणता येणार, तिने जे करायचं ते केलं, मीच तिला नको ते काम सांगितलं होतं.

एम २०५ दुसऱ्या प्रकारातलं. खरोखर घासतं. पण अतिशय बारीक घासतं. यातले कण फुटून बारीक होत जाणारे नाहीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखे बारीक राहतात, त्यामुळे काम झालं असं वाटलं की थांबता येतं. काही जर्मन पॉलिशचं उलट असतं, त्यात कण दाबाने फुटत फुटत बारीक होतात, तिथे मध्येच थांबलात तर अर्धवट धुरकट फिनिश राहतं, तेलाचा थर पारदर्शक होईपर्यंत मशीन फिरवत राहावं लागतं. नवशिक्या माणसाला हा फरक फार मोठा आहे. मला 'आता बास' कधी म्हणायचं हेच कळत नव्हतं आणि एम २०५ ने ती चूक पोटात घातली.

बरं, आता माझी घोडचूक. मशीन आलं त्या दिवशी मला वाटलं एवढे चरे आहेत तर जोरदार काहीतरी लागणार, म्हणून मी सोबत एक कडक कटिंग कंपाउंड, म्हणजे जास्त जोरात घासणारी पेस्ट, आणि मायक्रोफायबरचं कटिंग पॅड पण घेतलं होतं. थेट ड्रायव्हरच्या दरवाज्यावर सुरू केलं. चरे गेले हो, पाच मिनिटांत गेले! पण पुसल्यावर दरवाजा काळा राहिलाच नाही, राखाडी झाला, धुकं पडल्यासारखा. मला खरंच घाम फुटला, वाटलं रंग जाळला. नंतर समजलं की याला हेझ म्हणतात, काळ्या आणि त्यातून मऊ क्लिअर कोटवर कडक पॅडचे तंतू स्वतःच लाखो सूक्ष्म चरे पाडतात. म्हणजे मोठे चरे काढून मी बारीक चऱ्यांची रांगोळी काढली होती.

तिथून मी गाडीला दोन दिवस हात लावला नाही. मग ज्या गोष्टीने सुरुवात करायला हवी होती ती केली, टेस्ट स्पॉट. बॉनेटवर साधारण दीड बाय दीड फुटाचा चौकोन मास्किंग टेपने आखला आणि सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरू केलं, एम २०५ आणि मऊ फिनिशिंग फोम. पुसून टॉर्च मारला, बरेचसे चरे गेले होते, काही राहिले. मग तेच पॉलिश ठेवून फक्त पॅड बदललं, मध्यम पॉलिशिंग फोम लावला. परत टॉर्च. साफ! चौकोनाच्या आत विहिरीसारखा खोल काळा आणि टेपच्या बाहेर जाळं. कंपाउंडची बाटली तेव्हापासून कपाटात आहे, झाकण उघडलं तेवढंच. त्या दरवाज्यावरचं धुकं पण शेवटी याच जोडीने गेलं, फक्त दोनदा करावं लागलं.

त्यामुळे कोणी विचारलं की पॉलिश कुठलं घेऊ तर मी आधी म्हणते पॅड दोन प्रकारचे घे. एकाच बाटलीचं वागणं पॅडनुसार एवढं बदलतं की अर्ध्या लोकांना दुसरी बाटली लागणारच नाही.

वापरायची पद्धत, जशी माझी बसली तशी. गाडी आधी नीट धुवायची, मग लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे, जो मारल्यावर जांभळे ओघळ येतात, ब्रेकची धूळ अडकलेली असते ना तिचे. मग क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर ल्युब्रिकंट टाकून, हाताला पत्रा काचेसारखा लागेपर्यंत. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि मी मागच्या डाव्या दरवाज्याला तो टाळला आणि पॅडखाली एक कण आला आणि पॉलिशर फिरवता फिरवता नवीन चरे पाडत गेला, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. काळे प्लास्टिकचे पट्टे, रबर, लोगो सगळ्यावर टेप लावायची, नाहीतर पॉलिश सुकून पांढरे डाग बसतात आणि ते टूथब्रशने काढत बसावं लागतं, हे पण अनुभवाचे बोल. दरवाज्याच्या कडा आणि बॉनेटवरची उठावदार रेघ यांच्यावर पण टेप, कारण कडेवर थर पातळ असतो आणि सगळा दाब तिथेच येतो.

पहिल्यांदा पॅडला पॉलिश नीट चोळून घ्यायचं, नंतर प्रत्येक भागाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. मी सुरुवातीला भसाभस ओतत होते, पॅड भिजून चिंब झाला की कण कापतच नाहीत, नुसते घसरतात. आधी मशीन पत्र्यावर टेकवायचं मग चालू करायचं, उलटं केलं तर अंगावर, काचेवर, शेजारच्या स्कूटरवर ठिपके. वेगाच्या एक नंबरवर पसरवायचं, मग चार-साडेचारला काम, आडवे फेरे मग उभे फेरे, असे चार ते सहा, प्रत्येक फेरा मागच्यावर अर्धा चढवून. हात हळू, सेकंदाला साधारण एक इंच. हे 'हळू' म्हणजे केवढं हळू हे करून बघितल्याशिवाय कळत नाही, मला तर वाटायचं मी झोपलेय की काय. दाब मशीनच्या वजनाएवढा आणि थोडा हाताचा, शेवटच्या दोन फेऱ्यांना तर हात नुसता ठेवायचा. आणि हे सगळं सावलीत, पत्रा गार असताना, उन्हात तापलेल्या पत्र्यावर पॉलिश क्षणात वाळतं.

एम २०५ ची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथेच येते, ते वाळत नाही पटकन. बराच वेळ ओलसर राहतं, धूळ अगदी कमी उडते, पुसायला सोपं. काळ्या गाडीवर पुसणं हा स्वतंत्र विषय आहे कारण ताज्या पॉलिश केलेल्या मऊ काळ्या रंगावर टॉवेल जोरात ओढला तरी रेघा येतात. लांब केसाळ मायक्रोफायबर घ्या, कडेला शिवण नसलेला, चौपदरी घडी केली की आठ बाजू मिळतात, प्रत्येक भागाला नवी बाजू. खाली पडला टॉवेल की तो त्या दिवसापुरता बाद. झटकून परत वापरला तर परत पहिल्यापासून, मला विचारा.

आता याच गुणाची दुसरी बाजू. ओलसर राहतं म्हणजे त्यात तेल भरपूर आहे, आणि तेल चऱ्यात बसतं, म्हणजे आपण पहिल्या क्रीमच्या गोष्टीवर परत आलो. पुसल्या पुसल्या जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून, साधारण १० ते १५ टक्के, स्प्रे करून पुसायचं, तेल निघून जातं आणि मग टॉर्च मारायचा. मी बॉनेटचा पहिला अर्धा भाग 'झाला' म्हणून सोडला होता, अल्कोहोलने पुसल्यावर कमीत कमी चौथा हिस्सा चरे परत हजर. परत फेरे मारले, परत पुसलं, तेव्हा कुठे खरं खरं साफ झालं. हा दोष बाटलीचा म्हणत नाही मी, सगळ्याच पॉलिशमध्ये काही ना काही तेल असतं, पण ज्यांना पैसे देऊन हे काम करून घ्यायचंय त्यांनी गाडी ताब्यात घेताना एवढं विचारा की तेल पुसून मग दाखवता का. समोरच्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळेल. मी मशीन घ्यायच्या आधी एका ठिकाणी गाडी दिली होती, तिथे एका तासात गाडी चकाचक करून दिली आणि दुसऱ्या दिवशी उन्हात बघते तर पूर्ण बॉनेटवर तिरक्या ढगाळ पट्ट्या, उन्हात चालताना त्या पण बरोबर चालतात. होलोग्राम म्हणतात त्याला. रोटरी मशीन एकाच अक्षाभोवती गरगर फिरतं, घाईने फिरवलं की असे पट्टे पडतात. ड्युअल ॲक्शनमध्ये पॅड फिरतो आणि शिवाय झोकांड्या खात डोलतो, म्हणून एकाच ठिकाणी उष्णता साठत नाही आणि नवख्या माणसाकडून रंग जळायची भीती फार कमी. फार कमी म्हणजे शून्य नाही, कडा जपा.

मशीनबद्दल. थ्रो म्हणजे पॅड किती मिलीमीटर व्यासाच्या गोलात डोलतो ते, ८, १५, २१ असे येतात. २१ वालं मोठ्या सपाट बॉनेटला आणि टपाला झकास, पण वळणावर हात भरून येतो. मी १५ घेतलं आणि पाच इंची बॅकिंग प्लेट (पॅड जिला चिकटतो ती चकती), त्यावर साडेपाच इंची पॅड. तक्रार एक, वळणदार भागावर पॅड फिरायचंच थांबतं, नुसतं थरथरतं, आणि थरथरणारं पॅड काही कापत नाही. आवाजावरून कळत नाही म्हणून प्लेटच्या कडेला मार्करने एक काळी रेघ मारून ठेवा, रेघ फिरताना दिसली नाही तर दाब कमी करा किंवा मशीन सपाट धरा. ही एक रेघ युट्यूबच्या दहा व्हिडिओंपेक्षा उपयोगी पडली. तक्रार दोन, तासाभराने माझं मशीन हातात धरवत नव्हतं इतकं गरम, आणि मनगटाला मुंग्या. तक्रार तीन, वायर. वायर खांद्यावरून पाठीमागे टाका, नाहीतर तीच गाडीवर घासत राहते आणि आपण चरे काढतोय की पाडतोय हा प्रश्न पडतो.

पॅड किमान चार-पाच लागतात हे कोणी आधी सांगत नाही. दोन भाग झाले की पॅड ब्रशने किंवा टॉवेलने साफ करायचा, कारण त्यात निघालेला क्लिअर कोट आणि जुनं पॉलिश अडकून राहतं, आणि तापलेला ओला फोम लवकर फाटतो, वेल्क्रोपासून सुटतो. माझा एक असाच उडून गेला, कुंडीत सापडला.

वेळ. पूर्ण गाडीला मला तीन दिवस लागले, धुणं, क्ले, टेप मिळून सुमारे १४ तास. बाटली छोटी, २३६ मिली वाली, त्यातलं निम्मं पण संपलं नाही. ९४६ मिली वाली पण मिळते, घरच्या एका गाडीसाठी घेऊ नका, वर्षानुवर्षं पुरेल.

काय गेलं नाही तेही लिहिते. ज्या चऱ्यात नख अडकतं ते जाणार नाहीत, प्रयत्नही करू नका. मागच्या डिकीवर कोणीतरी किल्लीने ओढलेली रेघ आहे ती तशीच आहे, फक्त तिच्या कडा थोड्या मऊ झाल्यात आणि लांबून दिसत नाही. दोन ठिकाणी पक्ष्यांच्या विष्ठेचे खोलवर खाल्लेले डाग होते, एक गेला, एक राहिला, राहू दिला. कारण प्रत्येक वेळी पॉलिश म्हणजे थोडा क्लिअर कोट कायमचा जातो, तो परत उगवत नाही. जुनी गाडी असेल किंवा आधी कोणी रिपेंट केलेली असेल तर जाडी मोजायचं मीटर कोणाकडून तरी आणा, सगळे थर मिळून मूळ कंपनीचा रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो, एखादा भाग एकदमच कमी दाखवत असेल तर तिथे मशीन लावूच नका.

सहा महिन्यांनी काय स्थिती? पॉलिशनंतर मी एक साधा सीलंट, म्हणजे रंगाचं रक्षण करणारा थर, लावला. सिरॅमिक कोटिंग लावणार होते, पण त्यावरचं '९ एच' वाचून लोकांना वाटतं गाडीला आता चरा पडणारच नाही, ते एच म्हणजे पेन्सिलच्या टोकाच्या कडकपणाची चाचणी आहे, हिऱ्या-माणकांची मोजपट्टी नव्हे. आणि कोटिंग चऱ्यांवर मारलं तर चरे आत बंद होऊन बसतात, काढायचे तर आधी कोटिंग घासा. असो. धुणं मात्र पूर्ण बदललं. दोन बादल्या, एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी, तळाला जाळी, मिट (धुवायचा हातमोजा) प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मग शाम्पूत. कोरड्या फडक्याने सकाळची धूळ झटकणं बंद, माझे निम्मे चरे त्या रोजच्या झटकण्याचेच होते, आणि गंमत म्हणजे ते मी गाडी स्वच्छ राहावी म्हणून करत होते. फिरत्या ब्रशवालं ऑटोमॅटिक वॉश पण बंद.

तरी काही बारीक चरे परत आलेत, टपावर जास्त, कारण टपाला मी पुसायला पोचत नाही आणि घासत ओढते. खोटं कशाला बोला. पण ते टॉर्चखाली शोधावे लागतात, पेट्रोल पंपावर ओरडून सांगत नाहीत.

एम २०५ ला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो तेलासाठी, की अल्कोहोलने पुसल्याशिवाय खरं खोटं कळत नाही. मशीनला तीन. माझ्या पहिल्या दिवसाला शून्य. मागच्या बंपरचा खालचा एक वीतभर पट्टा मी मुद्दाम पॉलिश न करता ठेवलाय, कोणी म्हणालं की "काय फरक पडतो गं" तर मी काही बोलत नाही, टॉर्च काढते आणि खाली वाकायला सांगते. दादा वाकला होता. पुढच्या रविवारी त्याची गाडी येणार आहे, ती पण काळीच आहे, आणि त्याने अजून क्ले बार म्हणजे काय हे पण विचारलेलं नाही.